कंट्री हाउस पाहण्याच्या रिवाजाची कुळकथा

इंग्लंडमधील कंट्री हाउस, म्हणजे सरदार घराण्याचे आपल्या जहागिरीतील प्रशस्त निवासस्थान, परक्या माणसाने उद्यानासह हिंडून पाहावे, हा रिवाज अठराव्या शतकात चांगलाच रुळला. त्या काळी बहुतेक ठिकाणी तिकीट नव्हते. प्रतिष्ठित दिसणारा पाहुणा दारात चौकशी करी आणि हाउसकीपर, म्हणजे घरातील स्त्रीनोकरांवर देखरेख करणारी कारभारीण, त्याला दालने व चित्रे दाखवून निघताना बक्षिशी घेई. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीची नायिका पेम्बर्ली हा वाडा पाहते ती याच रीतीने.

मात्र या रिवाजाला खरा आकार दिला तो बकिंगहॅमशरमधील स्टो येथील उद्यानाने. व्हिग पक्षाचा पुढारी लॉर्ड कोबम याने तेथे केवळ शोभा मांडली नव्हती, तर राजकीय मत मांडले होते: प्राचीन सद्गुणांचे मंदिर अभंग उभारले आणि त्याच्याजवळ आधुनिक सद्गुणांचे मंदिर मुद्दाम भग्नावस्थेत बांधून समकालीन सत्ताधाऱ्यांवर टीका केली. असे उद्यान नुसते पाहून भागत नाही, ते उलगडून सांगावे लागते. म्हणूनच बेंटन सीली याने १७४४ मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिका छापली, ही घटना या इतिहासात सर्वांत मोलाची मानली पाहिजे. पाहुण्यांच्या मुक्कामासाठी ‘न्यू इन’ ही सराई तर १७१७ मध्येच बांधली गेली होती.

गर्दी वाढली तसे नियम आले. लंडनजवळच्या स्ट्रॉबेरी हिल या आपल्या घरासाठी होरेस वॉलपोल याने छापील प्रवेशपत्रे काढली, दिवसाला चार जणांचा एकच गट ठरवला आणि मुलांना आणू नये असे बजावले. पुढे रेल्वेमुळे कामगार कुटुंबांनाही डर्बीशरमधील चॅट्सवर्थसारखी घरे गाठता येऊ लागली, आणि येथेच या रिवाजाचा पाया खऱ्या अर्थाने रुंदावला.

तोवर प्रवेश ही मालकाची मेहेरबानी होती. ती बदलली करांमुळे. वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर १८९४ मध्ये लागू झालेला कर १९१९ पर्यंत सर्वांत मोठ्या मालमत्तांसाठी ४० टक्क्यांवर गेला आणि अनेक घराण्यांना वाडे सांभाळणे अशक्य झाले. १९३७ च्या कायद्याने वाट काढली: घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेला द्यावे, कुटुंबाने तेथेच राहावे, मात्र ठरावीक दिवशी ते लोकांना खुले ठेवावे. ट्रस्टकडे न जाता स्वतःचे घर राखू पाहणाऱ्या बाथच्या मार्क्वेस या सरदाराने १९४९ मध्ये आपले लाँगलीट हे घर अर्ध्या क्राउनच्या, म्हणजे अडीच शिलिंगांच्या, तिकिटावर सर्वांसाठी उघडले.