पाठीत ठरलेली धार

१८२४ सालच्या, इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये पाऊल टाकताच आधी तुमचे डोळे चुरचुरतात. गावावर धुराचं छत आहे आणि गल्लीगल्लीतून हातोड्यांचे ठोके येताहेत. वस्तरा बनवणारा एक मोठा कारखाना इथे शोधू नका. पातं घडवणारा एका आवारात, सराण चालवणारा ओढ्याकाठी, मूठ बसवणारा तिसऱ्याच माडीवर. तुम्ही सांगून करवून घेतलेला वस्तरा या सगळ्यांच्या हातांतून जाणार आहे आणि तुम्ही त्याच्यामागून फिरणार आहात.

पहिला मुक्काम मुशीपाशी. जमिनीखालच्या भट्टीतून एक माणूस लांब सांडशीने मूस वर ओढतो. त्याच्या पायांना ओली गोणपाटं गुंडाळली आहेत आणि त्यांतून वाफ निघते आहे. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगांसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं, म्हणून त्याने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची ही रीत बसवली. लोखंड स्वीडनहून आलेलं. आजच्या मुशीत थोडी चांदीही आहे, पोलादाच्या ५०० भागांना एक भाग. हे प्रमाण लंडनच्या जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरेडे यांनी काढलं. चांदी त्याहून जास्त झाली, तर थंड होताना ती पोलादातून बारीक थेंबांनी बाहेर पडते. त्यांच्या शोधाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत जातो. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास मुंबईहून वुट्झ या हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. स्टोडार्टने त्या पोलादाची हत्यारं करून पाहिली, पुढे फॅरेडेने त्याचं पृथक्करण केलं, आणि तसं पोलाद आपल्याला करता येईल का, या ध्यासातून दोघे मिश्रधातूंकडे वळले.

चांदीचं कौतुक मी समजू शकतो. पण वस्तऱ्याचं नशीब ऐरणीवर ठरतं, असं माझं मत आहे.

लोहार तुमच्या हनुवटीकडे पाहतो. "दाढी राठ दिसते. रोज करता?" तुम्ही मान हलवता. त्याच्यापुढे नकाशा नाही, कागद नाही. पातं किती रुंद हवं एवढं तो विचारतो, तेही इंचाच्या अष्टमांशात. तुम्ही सहा अष्टमांश सांगता, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. आता नीट पाहा, कारण इथे घडतं ते नंतर सहजी बदलता येत नाही. वस्तरा निसण्यावर घासताना त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात. धारेचा कोन हाताने धरावाच लागत नाही. पाठ किती जाड आणि पातं किती रुंद, यावरून तो आपोआप येतो. १९ मिलिमीटर रुंदीला सव्वापाच मिलिमीटर पाठ असेल तर कोन १६ अंशांच्या आसपास बसतो. पाठ जाड झाली तर पातं केस कापण्याऐवजी ओढेल. बारीक झाली तर धार राठ केसांपुढे दुमडेल. हा सगळा हिशेब लोहार डोळ्यांनी करतो. त्याचा जोडीदार घण घालतो, तो स्वतः छोट्या हातोड्याने जागा दाखवतो, आणि लाल सळईच्या टोकाला बघता बघता पाठ, पोट आणि शेपूट दिसू लागते.

शेपटीवर छाप उठवून पातं पुन्हा लाल करतात आणि पाण्यात बुडवतात. आता ते काचेइतकं ठिसूळ आहे. म्हणून एक बाजू घासून चकचकीत करायची आणि मंद आचेवर तापवत रंगावर नजर ठेवायची. फिकट गवती रंग चढला, साधारण २३० अंश सेल्सियस, की लगेच थांबायचं. तो रंग निळसर होऊ दिला, तर पोलाद नरम पडलं.

पोर्टर ओढ्याच्या काठाने तुम्ही सराणींच्या खोलीत शिरता. पाणचक्कीच्या फेऱ्याबरोबर जमीन थरथरते. लाकडी घोडीवर मांडी टाकून बसलेला माणूस पुढे झुकून फिरत्या दगडावर तुमचं पातं धरतो. दगड वाळूचा आहे आणि फुटला तर माणूस मरतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्याहून मोठं मरण हवेत आहे. काम ओलं असतं तेव्हा धूळ पाण्यात बसते. पाण्याशिवाय घासताना ती सरळ छातीत जाते. तो खोकतो, थुंकतो, पुन्हा झुकतो. सहा वर्षांनी, १८३० मध्ये, डॉ. आर्नल्ड नाइट सराणवाल्यांच्या याच छातीच्या रोगावर लिहितील. त्याआधीच, १८२१-२२ च्या सुमारास, इथल्या जे. एच. अब्राहम यांनी धूळ अडवायला चुंबकांचं साधन तयार केलं होतं. चुंबक लोखंडाचा कीस धरतं, पण दगडाची गारेची भुकटी त्याला चिकटत नाही, आणि फुप्फुसं त्या भुकटीनेच जातात. शिवाय धुळीपासून बचावाची साधनं वापरायला बरेच सराणवाले तयार नसत. माणसं जास्त जगली तर हात वाढतील आणि मजुरी पडेल, ही त्यांची भीती होती. या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्या धंद्यात मजुरी टिकायला शेजाऱ्याचं मरण लागतं, त्या धंद्याचा दोष सराणवाल्याच्या माथी मारता येत नाही. तुमच्या पात्याचं पोट दोन्ही बाजूंनी सारखं उतरलंय का, हे तो उजेडात धरून पाहतो. सारखं उतरलंय.

पुढचं भराभर होतं. चामडं चढवलेल्या चाकावर लोखंडाच्या लाल भुकटीने चकाकी. बैलाचं शिंग तापवून, साच्यात दाबून मूठ. दोन रिवेट, एका टोकाला पाचर. पातं मिटताना मुठीला घासलं, तर रिवेट काढून पुन्हा बसवायचे.

शेवटी धार. निसणेवाला पातं दगडावर सपाट टेकवतो आणि धार पुढे करून नेतो, मग पाठीवर उलटून परत आणतो. चामडी पट्ट्यावर मात्र उलटं, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टा कापला जातो. तुमच्या मनगटावरचा एक केस तो हलकेच कापून दाखवतो आणि वस्तरा तुमच्या हातात देतो. "दाढी झाली की पुसून ठेवा," तो म्हणतो, "मुठीच्या खोबणीतही पाणी राहू देऊ नका. चांदी घातली म्हणून गंज थांबत नाही."