जास्वंद आणि जकात

आमच्या गावाचं नाव वळ. हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या पाठीकडे बघतो. छडीचा वळ नव्हे हो, भिवंडी तालुक्यातलं वळ! एके काळी इथे नजर जाईल तिथवर भातशेती होती. आता नजर जाईल तिथवर गोदामांचे पत्रे आहेत, आणि त्या पत्र्यांच्या मधोमध आमचं बैठं घर, घरापुढे हातरुमालाएवढी बाग आणि बागेत एक जास्वंद.

जास्वंद गावठी, लाल, पाच पाकळ्यांची. आईनं माहेराहून तिची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीतून आणली होती, मांडीवर घेऊन. पस्तीसेक वर्षं आमच्या देवघरातल्या गणपतीला त्या झाडानं एक दिवस उपाशी ठेवलं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. आणि पुढच्याच श्रावणात माकडं आली.

माकडं फूल उमलायची वाट बघत नाहीत. कळ्याच खातात, त्याही भज्यांसारख्या, एकामागून एक. "आज देवाला काय वाहू, देठ?" हिनं तबक पुढे करून विचारलं. मी पेटून उठलो. जुन्या सीड्या टांगल्या. मिरचीचं पाणी शिंपडलं. वारा माझ्याच दिशेचा होता. बाजारातून रबरी साप आणला. त्याला बघून दूधवाला सायकलवरून पडला. माकडाच्या पिल्लानं मात्र तो दोन दिवस खेळायला नेला.

भाचा न्यू जर्सीला असतो. फोनवर त्याच्याकडे रडगाणं गायला लागलो, तर तोच रडायला लागला. त्याच्या ट्यूलिपच्या कळ्या हरणं खातात! तिथे म्हणे लोक झाडाला साबणाच्या वड्या टांगतात, न्हाव्याकडून केस आणून वाफ्यात पसरतात. आठ फुटांचं कुंपण घातलं तर हरीण थांबतं, पण मग शेजाऱ्यांशी बोलणंही थांबतं. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली हरणं शिकारीपायी जवळजवळ संपली होती. लोकांनी ती बाहेरून मुद्दाम आणून सोडली.

मी शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म घालवला. त्यामुळे संकट आलं की माझा हात काठीच्या आधी पुस्तकांच्या कपाटाकडे जातो. पहिली शंका आली ती कण्वमुनींच्या आश्रमाबद्दल. 'शाकुंतला'त एकाच आवारात शकुंतलेची लाडकी नवमालिका फुलते आणि त्याच आवारात हरणं मोकळी हिंडतात. दुष्यंतानं कुणाच्या प्रेमात पडायचं ते पडावं, पण ही फुलं वाचली कशी, हे एकदा तरी विचारायला नको? चौथा अंक पुन्हा वाचला तेव्हा उत्तराच्या जवळपास पोचलो. तिनं पाळलेल्या पाडसाला ती श्यामाक धान्य मूठमूठ भरवत असे. पोट भरलेलं असलं की फुलाकडे बघायची दृष्टी कवीची होते, हा अनुभव आपलाही आहेच. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात तर कालिदासानं भात राखणाऱ्या बायकाच उसाच्या सावलीत बसवल्या आहेत. राजाचा पराक्रम गातायत आणि राखण करतायत. कुंपणाचा उल्लेख नाही.

कुंपणाचं वेड खरं साहेबाचं. मिठावरची जकात चुकवून माल पलीकडे जाऊ नये म्हणून कंपनीनं आणि पुढे राणीच्या सरकारनं हिंदुस्थानच्या पोटातून एक जकात-रेषा काढली. १८६९ साली ती सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैल भरली, आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसं पहाऱ्याला होती. तिच्या मोठ्या भागावर बोरी, बाभळी, करवंदी, निवडुंग लावून जिवंत कुंपण उभं केलं होतं. ते पार बऱ्हाणपूरपर्यंत येत होतं. १८६७ ते १८७० या खात्याचे कमिशनर कोण होते? ॲलन ह्यूम! १८८५ साली काँग्रेस स्थापन करणारे, तेच. गृहस्थ पक्ष्यांचे नामांकित अभ्यासक, पण कुंपणापायी झपाटले होते. ठिकठिकाणी आठ ते चौदा फूट उंच झालेल्या त्या कुंपणाला वाळवी लागे, आग लागे, टोळ खात. बागेला कुंपण राखतं; कुंपणाला कोण राखणार? १८७९ साली सरकारनंच ती रेषा पुसून टाकली.

हे हसण्यावारी नेऊ नका. वळातली ही गोदामंसुद्धा जकातीचीच लेकरं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात; म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर, आमच्या शेतांत उतरवायला सुरुवात केली. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामं काही गेली नाहीत. शेतांच्या बांधांवरची झाडं मात्र त्याआधीच गेली होती, आणि झाडांवरची मंडळी पत्र्यावर आली होती.

पावसाळ्यात रात्रपाळीला गोगलगाई येतात, त्यांचंही इतिहासात मूळ आहे. ही आफ्रिकेची मोठी गोगलगाय बेन्सन नावाच्या साहेबानं हौसेनं मॉरिशसहून आणली आणि १८४७ साली कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडली. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. त्या पायांनी ती आमच्या मोगऱ्यापर्यंत आली.

बंदुकीचाही विचार झाला, खोटं कशाला सांगू? १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. पण दोन कुंड्या आणि एक जास्वंद यांना कोणता कलेक्टर पीक म्हणेल? शिवाय हनुमानाच्या वंशावर मी बंदूक रोखली असती, तर हिनं माझ्यावर लाटणं रोखलं असतं.

शेवटी शेजारचे आगरी आबा कुंपणापाशी आले. ऐंशीच्या घरातले, तरुणपणी भाताच्या माळ्यावर रात्र रात्र जागलेले. कालिदास, ह्यूम, सगळं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर," ते म्हणाले, "ती म्हातारी बसाची ना वट्यावर."

एवढंच बोलून ते गेले. मी ओट्याकडे बघत राहिलो. खरंच की! पहाटेपासून आई तिथे बसलेली असायची. मांडीशी काठी, पुढ्यात सुपात निवडायचे तांदूळ. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची, कुणी नसलं तर झाडाशी. इतक्या वर्षांत मी तिला, "आत ये गं, थंडी वाजेल," एवढंच म्हणत आलो. ती तिथे काही काम करते आहे, असं माझ्या कधी मनातच आलं नाही.

महिनाभर झाला, साडेपाचला मी ओट्यावर बसतो. काठी आईचीच आहे. पत्र्यावर समोर पाच जण बसतात. आम्ही एकमेकांकडे बघत चहाची वेळ करतो. सुरुवातीला त्यांनी मला मोजलंच नाही. आता जरा मोजतात.

आज सात फुलं मिळाली. हिनं पाच देवाला वाहिली, एक आईच्या फोटोला. सातवं कुठे गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ठेवलंय भिंतीवर. तेही पहाटेपासून बसलेत ना बिचारे."