सुईणीचा पहिला शब्द

वाशीमहून पुसदकडे जाताना अनसिंग लागतं. तिथं काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबलेल्यांचा प्रश्न एकच असतो, ‘काय झालं?’ पूर्वी याचं उत्तर सुईण द्यायची. पण एखाद्या बाळाकडे पाहून तीही घुटमळायची. लिंग बारीक, लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला, वृषण खाली उतरलेले नाहीत. मग बोल लागायचा तो आईला. ग्रहणात विळी हातात धरली असेल, दुसरं काय!

खऱ्या कारणाचा माग लागायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञानं सशिणीच्या पोटातल्या पिल्लांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४७ मध्ये निष्कर्ष मांडले. गर्भातच वृषण काढलेलं नर पिल्लू मादीच्या घडणीचं निघालं. म्हणजे वृषणाकडून हार्मोनचा निरोप आला नाही, तर शरीर मादीची वाट धरतं. वंशाच्या दिव्याचा आपल्याकडे केवढा तोरा, आणि निसर्गाचा मूळ आराखडा हा असा!

हा निरोपही सरळ जात नाही. कोलेस्टेरॉलपासून पायरीपायरीनं टेस्टोस्टेरॉन बनतं. बाहेरचा अवयव घडायला त्याचंही आणखी एक, अधिक तीव्र रूप लागतं. प्रत्येक पायरीवर एकेक एन्झाइम असतं. त्यातलं एक जरी कमकुवत निघालं, तरी मुलाची घडण अर्धवट राहते.

डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या खेड्यात मुली म्हणून वाढलेल्या काही मुलांचा आवाज वयात येताना फुटायचा, शरीर पुरुषी व्हायचं. त्यांच्यात शेवटच्या पायरीचं एन्झाइम कमी असल्याचं ज्युलियन इम्पेरातो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये दाखवलं. पुढे तेच एन्झाइम रोखणारं औषध प्रोस्टेटसाठी आलं. आज कित्येक आजोबा ते रोज घेतात!

छिद्र खाली असलेल्या बहुतेक मुलांत हार्मोनचा दोष सापडत नाही, हेही सांगायला हवं. पण छिद्र फारच मागे असेल किंवा वृषण हाताला लागत नसतील, तर तपासणी हवीच. त्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन देऊन आधीचं आणि नंतरचं टेस्टोस्टेरॉन मोजतात. वृषण काम करतात का, ते त्यावरून कळतं.

घाई करायची ती एका बाबतीत. काही एन्झाइमं अधिवृक्क ग्रंथीलाही लागतात. ती नसतील तर शरीरातलं मीठ निघून जातं. पहिल्या काही आठवड्यांतच बाळ ओकतं, मलूल होतं. घरचे त्याला साधा पोटाचा विकार समजतात आणि बाळ हातचं जातं. १९५० च्या सुमारास कॉर्टिझोन आल्यापासून अशी बाळं वाचू लागली. म्हणून असं बाळ दूध सोडून ओकू लागलं, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं आणि त्याच्या अवयवांची घडणही डॉक्टरांना न लाजता सांगावी. बारसं चार दिवस मागे गेलं तरी चालेल. जन्माच्या नोंदीलाही २१ दिवसांची मुदत असते.