मोंताल्चिनोचें द्राक्षासव आणि एक घराणें

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं घरांतील वडील मंडळी रेडिओ बंद करण्यास उठली असेल. त्यांना विनंति एवढीच कीं, क्षणभर थांबावें. जन्मभर शाळेंत इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा मास्तर चहापलीकडील कोणत्याही पेयाच्या वाटेस कधीं गेलेला नाहीं. तेव्हां मद्याच्या चवीविषयीं मी एक अक्षरही बोलणार नाहीं. मला सांगावयाचें आहे तें एका घराण्याविषयीं, आणि वाट पाहण्याच्या त्याच्या विलक्षण चिकाटीविषयीं.

इटलीच्या तोस्काना प्रांतांत, सिएना शहराच्या दक्षिणेस, सुमारें पावणेसहाशें मीटर उंचीच्या टेकडीवर मोंताल्चिनो हें तटबंदीचें लहानसें गांव आहे. गांव मोठें मानी. १५५५ मध्यें सिएना शत्रूच्या हातीं पडलें, तेव्हां तेथील कांहीं कुटुंबांनीं येथें येऊन आपल्या प्रजासत्ताकाचें निशाण आणखी चार वर्षें फडकत ठेविलें. गांवाची जुनी ख्याति मात्र तांबड्या मद्याची नव्हे, मोस्कादेल्लो या गोड पांढऱ्या मद्याची होती.

एकोणिसाव्या शतकांत या गांवीं क्लेमेंते सांती नांवाचे गृहस्थ होऊन गेले. पेशा औषधें करण्याचा. गांवाबाहेर इल ग्रेप्पो नांवाची त्यांची द्राक्षांची वाडी होती. त्यांच्या १८६५ सालच्या निवडक तांबड्या मद्यास १८६९ मध्यें मोंतेपुल्चानोच्या कृषि-प्रदर्शनांत पारितोषिक मिळालें. त्या मद्यास त्यांनीं ‘ब्रुनेल्लो’ म्हटलें होतें. गांवकरी आपल्याकडील एका काळसर द्राक्षास याच नांवानें ओळखत.

क्लेमेंते यांची कन्या कातेरीना फ्लॉरेन्सच्या याकोपो बियोंदी या डॉक्टरांस दिली होती. त्यांचे चिरंजीव फेर्रुच्चो. आजोळची इस्टेट दौहित्राकडे जाणें आपल्यासही अपरिचित नाहीं. पण फेर्रुच्चोंनीं बापाच्या आडनांवास आजोबांचें आडनांव जोडून घेतलें, आणि तेथून हें घराणें ‘बियोंदी-सांती’ झालें. मिसरूड फुटण्याच्या वयांत, १८६६ मध्यें, ते गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांत शिरून बेझ्झेक्काच्या लढाईंत लढले होते. पुढें वाडी हातीं आली तो काळ वाईट होता. भुरी, आणि मुळें पोखरणारी फायलोक्सेरा नांवाची सूक्ष्म कीड, यांनीं युरोपांतील द्राक्षबागांचा संहार चालविला होता. नुकसान लवकर भरून काढावें म्हणून लवकर पिण्याजोगें हलकें मद्य करण्याकडे लोकांचा कल होता. निरनिराळीं द्राक्षें मिसळणें ही तर तोस्कानाची रूढिच. इटलीचे माजी पंतप्रधान बेत्तीनो रिकासोली यांनीं १८७२ च्या एका पत्रांत, लवकर प्यावयाच्या किआंती मद्यांत पांढरें द्राक्षही मिसळावें, असें सुचविलें होतें.

फेर्रुच्चो नेमके उलट वाटेनें गेले. वाडींतील सांजोवेझे जातीच्या निरोगी, जोमदार वेली निवडून त्यांचींच कलमें त्यांनीं लाविलीं. दुसरें एकही द्राक्ष मिसळलें नाहीं, आणि ओक लांकडाच्या मोठमोठ्या पिंपांत तें मद्य वर्षानुवर्षें मुरूं दिलें. हातीं पैसा येण्याची वेळ त्यांनीं जाणूनबुजून लांबविली. १८८८ चें पीक हें या खटपटीचें पहिलें मोठें यश. तेथपासून १९४५ पर्यंतच्या सत्तावन्न वर्षांत घराण्यानें अत्युत्तम म्हणून राखीव ठरविलेलीं पिकें अवघीं चार: १८८८, १८९१, १९२५ आणि १९४५. हा आंकडा मीं प्रथम वाचला तेव्हां मला ती छापण्यांतील चूक वाटली. आमच्या घरीं मुरांब्याची बरणी दिवाळीपर्यंत टिकली तर आईस नवल वाटे!

फेर्रुच्चो १९१७ मध्यें वारले. त्यांचे पुत्र तांक्रेदी हे या विद्येंतील जाणते पंडित. बाटलीचें बूच झाडाच्या सालीचें असतें. कालांतरानें तें निकामी होतें, मद्य किंचित् आटतें आणि वरच्या मोकळ्या जागेंत हवा शिरते. हवा म्हणजे जुन्या मद्याचा काळच. १९२७ मध्यें तांक्रेदींनीं वडिलांच्या वेळच्या १८८८ व १८९१ च्या बाटल्या उघडून, उणें झालेलें मद्य भरून काढून, नवीं बुचें बसविलीं. भर घालावयाची ती त्याच वर्षाच्या मद्याची. म्हणजे बाकीच्या वांचवावयाच्या तर एखाद्या बाटलीचा बळी द्यावाच लागे.

मग युद्ध आलें. १९४४ च्या उन्हाळ्यांत आघाडी तोस्कानांतून उत्तरेकडे सरकूं लागली, तेव्हां तांक्रेदींनीं या जुन्या बाटल्यांपुढें तळघरांत भिंत बांधून त्या दडविल्या. त्याच उन्हाळ्यांत, शेजारच्या उम्ब्रिया प्रांतीं तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, १० जुलै रोजीं मराठा पलटणीचे नायक यशवंत घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तेथेंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलींतल्या त्या टेकड्यांचें नांव आपल्याकडील कित्येक घरांत पोंचलें तें मद्यामुळें नव्हे, तारेमुळें.

भिंतीमागच्या बाटल्या वांचल्या. पुढें १९६६ मध्यें सरकारनें ब्रुनेल्लोचे नियम कायद्यांत घातले, आणि १९८० मध्यें त्यास वरच्या हमीचा दर्जा दिला. आज नियम असा कीं, द्राक्ष केवळ सांजोवेझे, आणि हंगामानंतरचें पांचवें वर्ष उजाडल्याखेरीज विक्री नाहीं. एका माणसाचा हट्ट साऱ्या गांवाचा कायदा झाला! २००८ मध्यें कांहीं उत्पादकांनीं परकीं द्राक्षें मिसळल्याचा संशय येऊन चौकशी झाली. पण उत्पादकांचें मत घेतलें तेव्हां फार मोठ्या बहुमतानें शुद्ध द्राक्षाचा नियमच कायम राहिला.

तांक्रेदींचे पुत्र फ्रांको यांनीं १९७० पासून वाडी सांभाळली. ते २०१३ मध्यें, वयाच्या ९१ व्या वर्षीं वारले. आणि २०१६ च्या अखेरीस घराण्यानें वाडींतील मोठा हिस्सा एका फ्रेंच कंपनीस विकला. ज्यांनीं भिंती बांधून बाटल्या राखल्या, त्यांच्याच घरांत हें घडावें याचें मला वाईट वाटलें. कारणांचा निवाडा मी दुरून करीत नाहीं. वांटण्या, कर्जें आणि कर आपल्याही वाड्यांनीं पाहिले आहेत.

फ्रांको यांच्या काळीं वाडींतील वेलींचा शास्त्रीय अभ्यास होऊन एका निवडक वाणास नांव दिलें गेलें: ‘बीबीएस ११’. ब्रुनेल्लो, बियोंदी, सांती या तीन शब्दांचीं तीं आद्याक्षरें. वाडीचे धनी बदलले. वाणाचें नांव तेंच आहे.