नाडीची चाल व दोन ठोक्यांमधील काल

नंदुरबार जिल्हा 1998 साली धुळ्यापासून वेगळा झाला. तत्पूर्वीचा त्याचा इतिहास हा खानदेशचाच इतिहास होय. योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा प्रघात महाराष्ट्रात ज्यांनी पाडला, ते ज. ग. गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद, याच खानदेशात, नंदुरबारवरून जाणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गावरील अमळनेर येथे 1923 पर्यंत अध्यापन करीत होते. 1919 साली नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांना माधवदासजींचा सहवास लाभला. 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले.

हृदयाची गती हा विषय वैद्यकास नवा नव्हता. शार्ङ्गधरसंहितेतील नाडीविचार ठोक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या चालीकडे पाहतो. वाताची नाडी जळू वा सर्पासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी. आणि थांबत थांबत चालणारी प्राणघातक. निरीक्षण सूक्ष्म आहे, तथापि बोटांखालील चालीस तेथे कालाचे माप नाही. ते 1847 च्या सुमारास कार्ल लुडविख यांच्या फिरत्या दंडगोलावरील आलेखाने मिळाले. श्वास घेताना व्हेगस मज्जातंतूचा अंकुश सैल होऊन ठोके जवळ येतात, सोडताना दूर जातात. मिनिटास 60 ठोके भरले, तरी प्रत्येक अंतर नेमके 1 सेकंदाचे नसते. निरोगी हृदय घड्याळाप्रमाणे चालत नाही.

योगी हृदय थांबवितात, ही समजूत मात्र दीर्घकाळ टिकली. 1935 साली फ्रेंच हृद्रोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यांनी भारतात घेतलेल्या आलेखांनी तिला बळ दिले. 1961 साली वेंगर, बागची व आनंद यांनी चार योगाभ्यासींवरील प्रयोग प्रसिद्ध केले. तिघांनी श्वास कोंडून पोट व छातीचे स्नायू आवळले. हृदयाकडे परतणारे रक्त घटले, मनगटाची नाडी हाताला लागेना, परंतु विद्युत्-आलेखात ठोके चालूच होते. चौथ्याने निराळ्या पद्धतीने हृदय खरोखरच मंद केले. या चौथ्या व्यक्तीचा विसर पाडून केवळ भ्रमनिरासच सांगितला जातो, हे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. हृदय थांबते का, हा प्रश्न त्या प्रयोगांनी निकालात निघाला; दोन ठोक्यांतील अंतर किती बदलते, हा शिल्लक राहिला.

त्याचे मोल प्रसूतिशास्त्राने प्रथम जोखले. गर्भ संकटात असता हृदयाचा वेग बदलण्यापूर्वीच ठोक्यांमधील अंतरांत फरक पडतो, असे हॉन व ली यांनी 1963 साली दाखविले. 1987 साली क्लायगर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या ठोक्यांत हे वैविध्य फार कमी उरले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.