शाश्वत अर्थव्यवस्था

शाश्वत अर्थव्यवस्था : निसर्गाची पुनर्निर्माणक्षमता आणि मानवी व्यवहारातील नैतिक मूल्ये या दोन कसोट्यांवर उत्पादन, विनिमय व उपभोग यांची पारख करणारी अर्थविषयक संकल्पना. भारतात तिची सुसंगत मांडणी गांधीवादी अर्थचिंतक जे. सी. कुमारप्पा (४ जानेवारी १८९२–३० जानेवारी १९६०) यांनी इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स (१९४५) या ग्रंथात केली. किती उत्पादन झाले यापेक्षा ते कशातून झाले, कोणत्या रीतीने झाले आणि त्यासाठी कोणाचे काय हिरावले गेले, हे प्रश्न या विचारात अग्रस्थानी आहेत.

पार्श्वभूमी : भारतातील आधुनिक अर्थविचाराचा प्रारंभच नैतिक प्रश्नातून झाला. दादाभाई नवरोजी यांनी पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया (१९०१) या ग्रंथात देशातील संपत्तीच्या बहिर्गमनाची मीमांसा केली. ब्रिटिश राज्यकर्त्यांनी स्वतःच मान्य केलेल्या न्यायतत्त्वांच्या आधारे त्यांनी त्या राजवटीला जाब विचारला. त्यापूर्वी महात्मा फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा संबंध सावकारी, नोकरशाही व पुरोहितशाही यांच्याशी जोडला होता. सरकारी जंगल खात्याने डोंगर व गायराने ताब्यात घेतल्यामुळे जनावरांना चरण्यास जागा उरली नाही आणि रानातील पालापाचोळ्याचे सत्त्व शेतात येण्याचे थांबले, हेही त्यांनी दाखवून दिले. बांधबंदिस्ती करून माती व पाणी अडविण्याचा उपाय त्यांनी सुचविला. जमिनीचा कस आणि समाजातील अन्याय या दोहोंचा एकत्र विचार येथे आढळतो.

महात्मा गांधींच्या अर्थविचाराला इंग्रज लेखक जॉन रस्किन यांच्या अनटू धिस लास्ट या पुस्तकाने चालना दिली. १९०४ मध्ये जोहॅनिसबर्गहून दरबानला जाताना रेल्वेच्या प्रवासात गांधींनी ते वाचले व १९०८ मध्ये सर्वोदय या नावाने त्याचा गुजरातीत सारानुवाद केला. अर्थशास्त्र नीतीपासून वेगळे काढता येत नाही, हे सूत्र त्यांनी पुढे हिंद स्वराज्य (१९०९) मध्ये यंत्रसंस्कृतीच्या टीकेला जोडले. तथापि या सूत्राला अर्थशास्त्रीय बैठक देण्याचे कार्य प्रामुख्याने कुमारप्पांनी केले.

कुमारप्पांची जडणघडण : कुमारप्पांचे मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. त्यांचा जन्म तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातील शिक्षणानंतर कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी भारतातील सार्वजनिक आयव्यय व दारिद्र्य यांचा अभ्यास केला. १९२९ मध्ये साबरमती येथे त्यांची गांधींशी भेट झाली आणि हा अभ्यास यंग इंडिया या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला. त्यानंतर गुजरात विद्यापीठाच्या वतीने त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. या कामी काका कालेलकरांचा पुढाकार होता. पाहणीचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. दारिद्र्य हे केवळ सरासरी उत्पन्नाच्या आकड्यांतून समजत नाही, त्यासाठी घराघरांतील जमाखर्च पाहावा लागतो, ही जाण त्यांना या कामातून आली.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. वर्ध्याची मगनवाडी हे संघाचे केंद्र होते. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशीपालन, गूळ, साबण इत्यादी उद्योगांत तेथे प्रयोग व प्रशिक्षण चालत असे. ग्राम उद्योग पत्रिका हे मासिक व मगन संग्रहालय (१९३८) यांतून या कामाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविली जाई. १९४२ च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना कुमारप्पांनी इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स हा ग्रंथ लिहिला. त्याला गांधींची प्रस्तावना आहे.

सिद्धांत : कुमारप्पांच्या मते निसर्गाच्या टिकाऊपणाचे रहस्य त्याच्या चक्राकार गतीत आहे. वनस्पती जमिनीतून जे घेते ते पाने, फळे व बीजे यांच्या रूपाने परत करते. गांडूळ माती भुसभुशीत करते, मधमाशी मध गोळा करताना परागीकरण घडविते. प्रत्येक जीव स्वतःच्या गरजेसाठी धडपडताना इतरांचे कार्यही पार पाडीत असतो. माणूस मात्र बुद्धी व इच्छास्वातंत्र्य यांच्या बळावर हे चक्र तोडू शकतो. ज्या अंशाने तो ते तोडतो, त्या अंशाने त्याची अर्थव्यवस्था हिंसक व अल्पजीवी ठरते.

या तत्त्वानुसार त्यांनी साधनसामग्रीचे दोन प्रकार कल्पिले. कोळसा, खनिज तेल, धातू यांचे साठे मर्यादित आहेत. वापराबरोबर ते घटत जातात. याउलट लाकूड, धान्य, पशुबळ, वाहते पाणी ही साधने योग्य रीतीने वापरल्यास पुन्हा निर्माण होत राहतात. पहिल्या प्रकारास ‘साठ्याची’ व दुसऱ्यास ‘प्रवाहाची’ अर्थव्यवस्था म्हणता येईल. साठे मर्यादित व विशिष्ट प्रदेशांत एकवटलेले असल्यामुळे त्यांवर आधारलेली अर्थव्यवस्था राष्ट्राराष्ट्रांत स्पर्धा व अखेरीस युद्ध निर्माण करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे लेखन झाले, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. अशा रीतीने शांतता हा केवळ राजनीतीचा विषय न राहता इंधन व कच्चा माल यांच्या निवडीचाही विषय झाला.

मानवी व्यवहारांचे त्यांनी पाच चढत्या पायऱ्यांत वर्गीकरण केले : परोपजीवी, अपहारी, उद्यमी, सामूहिक व सेवाप्रधान. वाघ मेंढीला मारून खातो, ही परोपजीवी अवस्था. कसलाही हातभार न लावता आंब्याची फळे पळविणारे माकड हे अपहारी अवस्थेचे, तर फुलातील मध घेताना परागीकरणही घडवून आणणारी मधमाशी हे उद्यमी अवस्थेचे उदाहरण. तीच मधमाशी पोळ्यातील सर्वांसाठी मध साठविते तेव्हा ती सामूहिक अवस्था होते. परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरविणारी पक्षीण सेवाप्रधान अवस्था दर्शविते. शोषणावर चालणाऱ्या वसाहतवादी व्यवस्थेस त्यांनी या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर ठेवले.

किंमत व मूल्य यांतील भेद हा या विचाराचा आणखी एक विशेष होय. पैशातील किंमत वस्तूमागील श्रम, पिळवणूक किंवा जमिनीची झीज दाखवीत नाही. त्यामुळे वस्तू विकत घेणारा तिच्या निर्मितीतील बऱ्यावाईटाचाही वाटेकरी ठरतो, असे कुमारप्पा मानीत. आपण वापरीत असलेल्या वस्तूचा माग काढता यावा एवढा उत्पादक व ग्राहक यांच्यातील पल्ला लहान असावा, हा ग्रामोद्योगांच्या पुरस्कारामागील एक हेतू होता. मगनवाडीत रॉकेलऐवजी खाद्येतर वनस्पती-तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार करण्यात आला, तसेच उसाऐवजी ताड व शिंदी यांच्या रसापासून गूळ करण्यास उत्तेजन देण्यात आले. ही झाडे पडीक जमिनीवरही वाढत असल्यामुळे उसाखालील सुपीक जमीन अन्नधान्यासाठी मोकळी होऊ शकेल, हा त्यामागील हिशेब होता. मोठे उद्योग सर्वस्वी त्याज्य आहेत, असे मात्र त्यांचे मत नव्हते. पायाभूत उद्योग व लोकोपयोगी सेवा या क्षेत्रांत ते समाजाच्या नियंत्रणाखाली असावेत, असे ते म्हणत.

आक्षेप : हा विचार त्याच काळात दोन भिन्न दिशांनी टीकेस पात्र ठरला. पहिली टीका नियोजनवाद्यांची. १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीत कुमारप्पा सदस्य होते. परंतु मोठ्या उद्योगांना दिलेले प्राधान्य मान्य नसल्याने ते अल्पावधीतच बाहेर पडले. वाढत्या लोकसंख्येचे दारिद्र्य व देशाचे संरक्षण हे प्रश्न हस्तोद्योगांनी सुटणार नाहीत, असे नियोजनवाद्यांचे म्हणणे होते. स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९५६ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, याच मताचा प्रभाव राहिला.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स (१९४५) या ग्रंथात गांधीवादी अर्थविचाराची कठोर चिकित्सा केली. यंत्रामुळे माणसास पशुवत कष्टांतून सुटका व फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून सुसंस्कृत जीवन अशक्य आहे. दोष यंत्राचा नसून खाजगी मालमत्तेला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केलेल्या भाषणातही त्यांनी खेड्यांच्या गौरवीकरणास विरोध केला. ग्रामोद्योगांपैकी कातडी कमावण्यासारखी अनेक कामे जातीने ठरलेली होती आणि ती करणाऱ्यांच्या वाट्यास प्रतिष्ठेऐवजी अस्पृश्यता आली होती. निसर्गाशी सुसंवादी असलेले गाव माणसांच्या दृष्टीने अन्यायी असू शकते, हा या टीकेचा आशय होय. चांगल्या अर्थव्यवस्थेची नैतिक कसोटी कोणाच्या अनुभवावरून ठरवावयाची, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

कुमारप्पांनी या प्रश्नाचे उत्तर केवळ हृदयपरिवर्तनावर सोडले नाही, हे त्यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस कृषिसुधारणा समितीच्या अहवालावरून (१९४९) दिसते. मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्यास जमीन आणि किफायतशीर धारणक्षेत्राच्या तिपटीइतकी कमाल धारणेची मर्यादा या तिच्या प्रमुख शिफारशी होत्या. मालकीच्या विषमतेवर हा थेट उपाय होता. जातिभेदाच्या प्रश्नाला मात्र त्यांच्या अर्थविचारात तेवढे मध्यवर्ती स्थान मिळाले नाही.

प्रभाव व मूल्यमापन : संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये ग्रामीण भागात कुटीरोद्योगांच्या संवर्धनाचे तत्त्व समाविष्ट झाले आणि १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला. तथापि कुमारप्पांना अभिप्रेत असलेला पायाभूत बदल त्यातून घडला नाही; मुख्य प्रवाहातील उद्योगनीतीला पूरक साहाय्य, एवढेच ग्रामोद्योगांचे स्थान राहिले. परदेशात ई. एफ. शूमाकर यांनी बौद्ध अर्थशास्त्रावरील निबंधात (१९६६) कुमारप्पांचा आधार घेतला. तो निबंध पुढे स्मॉल इज ब्यूटिफुल (१९७३) या त्यांच्या ग्रंथात समाविष्ट झाला. स्टॉकहोम येथील मानवी पर्यावरणविषयक परिषद (१९७२) व ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल (१९८७) यांनंतर शाश्वत विकास ही संज्ञा जगभर रूढ झाली. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणणारा विकास, असा तिचा आशय आहे.

शाश्वत विकासाची ही कल्पना आणि कुमारप्पांची शाश्वत अर्थव्यवस्था यांत साम्य असले, तरी त्या एक नव्हेत. पहिलीत आर्थिक वाढ गृहीत धरून तिला पर्यावरणाची मर्यादा घालण्याचा प्रयत्न आहे. दुसरीत वाढीचे प्रयोजनच तपासले जाते. खनिज इंधनांच्या ज्वलनामुळे होणारे हवामानबदल लक्षात घेता, साठ्यावरील व प्रवाहावरील अर्थव्यवस्था हा कुमारप्पांनी केलेला भेद आज त्यांच्या काळापेक्षा अधिक अर्थपूर्ण ठरला आहे. त्याच वेळी, निसर्गरक्षणाचा भार समाजातील दुर्बलांच्या श्रमांवर व हक्कांवर पडत असेल, तर त्या व्यवस्थेस नैतिक म्हणता येणार नाही, हा आंबेडकरांच्या टीकेतून निघणारा इशाराही तितकाच महत्त्वाचा आहे. कुमारप्पांच्या पाच पायऱ्यांची कसोटी निसर्गाशी होणाऱ्या व्यवहारांबरोबर माणसामाणसांतील संबंधांनाही लावली, तरच शाश्वत अर्थव्यवस्थेची संकल्पना पूर्ण होते.