सुपाची वडी आणि रानातला पाला

ताटातली भाजी हळूच बाजूला सारण्याची खोड फक्त आपल्याच पोरांना आहे, असे समजू नका. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या आरमारातले दांडगे खलाशीसुद्धा ओळखीचे नसलेले अन्न पुढे आले की नाक मुरडीत. फरक एवढाच, की त्यांच्या बाबतीत प्रश्न आवडीनिवडीचा नव्हता, जिवाचा होता. त्यांना पाला खायला लावण्याच्या कामी एका सुपाने मोठी मदत केली. त्या सुपाची ही हकीगत आहे.

त्या काळी गलबते महिनोन्महिने समुद्रावर असत. खलाशांना खारवलेले मांस, दगडासारखी बिस्किटे आणि वाळलेले वाटाणे मिळत. ताजी भाजी दृष्टीस पडत नसे. मग दोनतीन महिन्यांनी स्कर्व्ही नावाचा रोग डोके वर काढी. हिरड्या सुजत, दात हलू लागत, अंगावर काळेनिळे डाग उठत, बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उघडत आणि शेवटी माणूस दगावे. १७४० साली जॉर्ज ॲन्सन हा सेनानी सुमारे १९०० माणसे घेऊन निघाला होता. त्यांपैकी १३०० हून अधिक माणसे मेली. शत्रूच्या तोफांनी थोडी आणि रोगराईने फार, आणि त्या रोगराईत मोठा वाटा होता स्कर्व्हीचा.

१७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने ‘सॅलिसबरी’ या जहाजावर बारा रोगी निवडले आणि दोघादोघांना निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना रोज संत्री आणि लिंबू दिले, ते आठवड्याच्या आत सुधारले. बाकीच्यांना तसा गुण आला नाही. पुरावा असा लख्ख होता. तरी आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडले. शहाणपण सापडणे आणि ते ताटात पडणे, यांत कधी कधी अर्धे शतक जाते!

मधल्या काळात आरमाराने दुसऱ्याच गोष्टींवर भरवसा ठेवला. त्यांतली एक म्हणजे सुपाची वडी. मांस आणि हाडे तासन्‌तास उकळायची, तो रस आटवायचा, वाळवायचा आणि सरसासारख्या वड्या पाडायच्या. वडी कढत पाण्यात विरघळवली की सूप तयार. १७६८ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन जेम्स कुक ‘एंडेव्हर’ जहाजावर सुमारे ९४ माणसे घेऊन निघाला, तेव्हा त्याच्या कोठारात या वड्या भरपूर होत्या.

आता गंमत पाहा. या वडीत स्कर्व्हीवरचा गुण मुळीच नव्हता. इतके उकळल्यावर आणि वाळवल्यावर राहणार काय? पण कुकने तिचा उपयोग मोठ्या अकलेने केला. जहाज किनाऱ्याला लागले, की तो माणसे पाठवून रानातला पाला गोळा करवी. १७६९ च्या जानेवारीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर त्यांना रानसेलरी सापडली. ही आपल्या कोथिंबिरीच्या गोतातली वनस्पती. न्यूझीलंडात ती ओटच्या भरड्याबरोबर सुपात शिजवून रोज सकाळी न्याहारीला वाढली जाई. नुसता कडवट पाला कोणी खाल्ला नसता. पण कढत, खारट, दाट सुपातून तो पोटात गेला. वडी हे नुसते वाहन. खरा औषधी माल म्हणजे पाला.

तरी माणसे वळवायची कशी, हा प्रश्न राहतोच. प्रवासाच्या सुरुवातीला, मदीरा बेटावर, ताजे मांस घ्यायला नकार दिला म्हणून दोघांना चाबकाचे बारा बारा फटके बसले होते. पुढे मिठात आंबवलेला कोबी खायची वेळ आली, तेव्हा खलाशांनी पुन्हा तोंड फिरवले. या वेळी कुकने चाबूक काढला नाही. त्याने तो कोबी रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला आणि खलाशांना सांगितले, की हवा तर घ्या, नको तर राहू द्या. आठवडाभरात मागणी एवढी वाढली, की कोबी मापाने वाटावा लागला.

त्या सफरीत स्कर्व्हीने एकही माणूस मेला नाही. मात्र १७७० च्या अखेरीस जहाज बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, थांबले आणि ताप व हगवण यांनी पुष्कळ माणसे गेली. पाल्याने सगळेच रोग टळतात असे नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पाल्यात होते तरी काय? हे कोडे विसाव्या शतकात सुटले. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ साली वेगळा काढलेला पदार्थ म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व, हे १९३२ पर्यंत सिद्ध झाले. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि फार वेळ उकळले तर नाहीसे होते. म्हणूनच भाजी उकळून पाणी ओतून देणे म्हणजे धान्य टाकून कोंडा ठेवण्यासारखे आहे. सुपात ते पाणी आपण पिऊनच टाकतो.

आपल्याकडे हे काही नवे नाही. मुगाचे कढण, कुळथाचे कढण, टोमॅटोचे सार ही आपली सुपेच नव्हेत का? आणि गरज किती आहे, तेही ऐका. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. पण डाळी-पाल्यातले लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, एवढे निश्चित.

तेव्हा चार माणसांसाठी एवढे करा. अर्धी वाटी मुगाची डाळ आणि दोन वाट्या दुधी किंवा लाल भोपळा शिजवून घोटा. पाणी घालून उकळी आली, की शेवग्याचा, मुळ्याचा किंवा माठाचा कोवळा पाला, दोन मुठी, धुऊन, मग बारीक चिरून टाका. पाला पाचेक मिनिटे शिजला, की वरून जिरे-हिंगाची फोडणी द्या. गाळू नका, चोथा टाकला की भाजीच गेली. भांडे खाली उतरवल्यावर मगच लिंबू पिळा.

आणि गुरुजी, शाळेत जेवणाच्या पंगतीला मुलांआधी आपणच ती वाटी तोंडाला लावा. घरी आईवडिलांनीही तेच करावे. पोरे आपण काय सांगतो यापेक्षा आपण काय खातो हे पाहत असतात, आणि एंडेव्हरवरचे खलाशीही तसेच होते.